कमान उभारताना घ्यावयाची काळजी

नगरसेवक म्हणून निवडून आलात, अभिनंदन. काही शहरांत तर 2020 पासून प्रशासकच कारभार हाकत होते. अखेर 15 जानेवारी 2026 ला 29 महापालिकांसाठी मतदान झालं आणि तुमचं घोडं गंगेत न्हालं. आता लोक पाणी, कचरा, पार्किंग असलं काहीबाही घेऊन दारात येतील. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. ही सगळी कामं जमिनीखालची, दुरून दिसत नाहीत. गटार कितीही झकास बांधलंत तरी नाव कुठे घालणार? झाकणावर घातलं तर लोक त्यावरून चालतात. तेव्हा प्रभागातल्या बाजारपेठेच्या तोंडाशी स्वागत कमान बांधायला घ्या.

बाजारात लोक तसेही येतात, मग कमान कशाला, असा प्रश्न एखादे निवृत्त शिक्षक विचारतीलच. ते डोंबिवलीच्या फडके रोडचा दाखला देतील. तिथे दिवाळीच्या पहाटे पाय ठेवायला जागा नसते. 1999 पासून गुढीपाडव्याला नववर्षाची स्वागतयात्रा निघते, पुढे गावोगावी तिचंच अनुकरण झालं. लोक नऊवारी नेसून, लेझीम घेऊन आपणहून उतरले, स्वागताला कुठे लोखंडी खांब लागला नाही. सरांना नमस्कार करा आणि विषय पत्रिकेवरच्या पुढच्या मुद्द्याकडे वळवा.

पुढचा मुद्दा म्हणजे कमानीचं तोंड. उपनगरातल्या बाजारात बहुतेक गिऱ्हाईक स्टेशनावरून पायी येतं. पण मंत्रिमहोदयांची गाडी हायवेकडून येणार, त्यामुळे कमानीचा दर्शनी भाग हायवेकडेच हवा. स्टेशनाकडे पाठ गेली तर जाऊ द्या, पाठीलाही मजकूर लागतोच: ‘धन्यवाद, पुन्हा या’. संध्याकाळी सात पस्तीसची लोकल पकडून, चेंगरून घरी आलेल्या माणसाला जिना उतरताच आपण आदबीने सांगतो की, धन्यवाद, पुन्हा या. तो मान खाली घालून चालत असतो, वाचत नाही.

खांब फुटपाथवरच घ्यावेत. रस्त्यात घेतले तर वाहतूक पोलीस हरकत घेतील आणि दुकानासमोर घेतले तर व्यापारी संघ. फुटपाथच्या बाजूने मात्र कुणी बोलणारं नसतं. पाया खणताना पाण्याची लाईन फुटेल. ती फुटतेच, कारण नेमकी कुठून गेली आहे हे खात्यात ज्याला ठाऊक होतं तो फिटर केव्हाच रिटायर झाला. दोन दिवस टँकर पाठवा, टँकरवरही आपला फ्लेक्स लावा. खांबाभोवती ग्रॅनाइटचा चौथरा घाला. बाई पोराचं बोट धरून तिथून निघाली की पोर खांबाच्या अलीकडून जाईल, आई पलीकडून, रिक्षांच्या रांगेतून. महिन्याभरात चौथऱ्यावर मोबाइल कव्हरवाला बसेल, खांबाला खिळे ठोकून चार्जरच्या केबली टांगेल. त्याला उठवू नका. कमानीचा नेमाने उपयोग करणारा तोच एकटा आहे.

उंचीचं गणित सोपं आहे. शहरी रस्त्यावर साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. अग्निशमन दलाचा बंबही तेच सांगतो, पण बंब रोज येत नाही. आपल्याकडे खरा निकष गणपती आहे. मंडळाच्या अध्यक्षाला विचारा, ‘दादा, यंदा मूर्ती केवढी?’ आणि वर दोन फूट धरा. हे विसरलात तर आगमनाच्या रात्री बाप्पा कमानीखाली अडतील, ढोल थांबेल, आणि हजार माणसं वर बघून तुमचं नाव वाचतील. एवढी प्रसिद्धी मात्र परवडत नाही.

नावांचा विषय सर्वांत नाजूक, घाई करू नका. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चार नगरसेवक आहेत. निम्म्या जागा महिलांच्या, म्हणजे दोन ताई आल्या. प्रत्येक ताईंच्या शेजारी त्यांचे यजमान हात जोडून उभे असतात, तेव्हा निवडून आलेले चार आणि फोटो सहा. वर पक्षाचे नेते, त्यांच्यावर त्यांचे नेते. चौघांत दोन पक्ष असले तर फोटोंचे आकार फूटपट्टीने मोजले जातील. ‘संकल्पना’, ‘विशेष प्रयत्न’, ‘पाठपुरावा’ आणि ‘सौजन्य’ अशी चार खाती आहेत, एकेक वाटून टाका. पैसे महापालिकेचे असले तरी ‘सौजन्य’ तुमचंच राहतं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बाजारपेठेचं नाव उरलेल्या जागेत.

अक्षरं अ‍ॅक्रेलिकची, आत एलईडी, मागे एसीपी शीट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेला पत्रा. कारागीर प्रत्येक अक्षराचा वेगळा डबा करून आणेल आणि वर टांगताना दोन डब्यांत बोटभर फट राहील, त्यामुळे शिरोरेषा बत्तिशीतल्या पडक्या दातांसारखी दिसेल. पहिल्याच पावसात रफार पडतो, कारण तो दोन रिवेटवर असतो. मग मात्रा. अनुस्वाराच्या जागी उरलेल्या भोकातून चिमण्या आत शिरतात, तेवढीच पर्यावरणाची नोंद अहवालात करता येते.

कायद्याचं घाबरू नका. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा 1995 पासून आहे. बेकायदा फलकांवर उच्च न्यायालयाने महापालिकांना किती वेळा झापलं, याची मोजदाद कोर्टातल्या कारकुनालाच ठाऊक. 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर जो फलक कोसळला तो 120 बाय 120 फुटांचा होता. मुंबईत परवानगी होती 40 बाय 40 ची. खाली 17 माणसं गेली. दिवसाढवळ्या उभा असलेला तो अवाढव्य फलक तोवर कुणी हटवला नव्हता. त्यानंतर जिकडेतिकडे स्ट्रक्चरल ऑडिटची पत्रं निघाली. तुम्हालाही येईल. उत्तरात लिहा की आमची कमान जाहिरात नसून आदरातिथ्य आहे. आदरातिथ्याचं ऑडिट कोणतं खातं करतं, हे ठरेपर्यंत फाइल तुमच्या कार्यकाळाच्या पलीकडे गेलेली असेल.

खर्चाबद्दल एवढंच, की कामाचे तुकडे पाडा. खांब एक काम, शीट दुसरं, रोषणाई तिसरं, चौथऱ्याभोवतीचं सुशोभीकरण चौथं. नगरसेवक चार, हे काही उगाच नाही.

भूमिपूजन आणि लोकार्पण यांत किमान एक दिवाळी जाऊ द्या, म्हणजे ‘लवकरच आपल्या सेवेत’ हा फ्लेक्स वेगळा लावता येतो. लोकार्पणाच्या दिवशी रस्ता संध्याकाळी बंद राहील आणि धंद्याची वेळ जाईल, म्हणून दुकानदार कुरकुरतील. त्यांना पहिल्या रांगेत बसवा, शाल आणि नारळ द्या. लाइटचं कनेक्शन रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावरून घ्या. पुढे मीटरवरून प्रश्न निघालाच तर व्यापारी संघाच्या नावावर करून द्या, शालीची परतफेड होते.

आणि आचारसंहिता. पुढची कुठलीही निवडणूक लागली की पालिकेचे कर्मचारी शिडी घेऊन येतील आणि नावं, फोटो कागदाने झाकतील. त्यांना चहा-वडापाव द्या आणि खळ आपली द्या, पातळ. त्यांच्याकडची घट्ट असते. दोन महिन्यांनी कागद ओढताना त्याच्याबरोबर फोटोतला चेहराही सोलून येतो, आणि सहांपैकी नेमका कुणाचा आला यावरून प्रभाग समितीची अख्खी बैठक जाते.