माझी साखर कमी झाली हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

आज चुलतसासऱ्यांकडे सत्यनारायण होता. गुरुजींची आधीची पूजा लांबली, त्यामुळे अकराची म्हणून सांगितलेली पूजा एक वाजता सुरू झाली. मी सकाळी सातला चहा आणि दोन घावनं खाऊन घर सोडलेलं. कथा अर्ध्यावर आली आणि माझे हात कापायला लागले. मानेवर घाम, छातीत धडधड. जाऊबाईंच्या लक्षात आलं, त्यांनी पंख्याखाली नेऊन बसवलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग समोरच्या सोफ्यावरून काकूंचा निकाल लागला: "साखर कमी झाली असणार. गहू सोडलाय ना हिने, अंगात ताकद राहणार कुठून! प्रसादाचा शिरा द्या तिला चमचाभर. साखर असते त्यात, लगेच बरं वाटेल."

साखरेपुरतं काकूंचं बरोबर आहे. सव्वाच्या मापाचा शिरा, साखर भरपूर असणारच. पण रवाही सव्वाच्याच मापाने असतो, रवा म्हणजे गहू, आणि मला सिलिअ‍ॅक आहे हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. मी वाटी कपाळाला लावली आणि मुलाकडे दिली. त्यावर "देवाच्या प्रसादाने काय होतंय" झालं, "आमच्या वेळी असली नावं नव्हती" झालं, आणि शेवटी "जाऊ दे, हल्लीच्या मुली ऐकतात कुठे" हेही झालं. हल्लीची मुलगी म्हणजे मी, वय वर्षं ४४.

घरी येऊन दोन तास झाले, राग उतरत नाहीये, म्हणून इथे लिहितेय. तुम्ही माझ्या यादीतली माणसं आहात, तुम्हाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. तरी एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. सिलिअ‍ॅकमध्ये गव्हातलं, जवातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतल्या अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. हा डाएट नाही. रक्ताची टेस्ट झाली, दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून तपासला, मग गहू बंद झाला. त्यामुळे चमचाभर, चतकोर, नखाएवढा, या भाषेला माझ्याकडे काही अर्थ नाही.

हो, रील बघून ग्लुटेन सोडणारे आहेत, आणि त्यांच्यामुळे आमच्याकडेही लोक त्याच नजरेने बघतात. मान्य. (त्यांच्यासाठी फुकटचा सल्ला: शंका असेल तर आधी टेस्ट करा, मग सोडा. गहू बंद करून टेस्ट केली तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.)

पण आजचा मुद्दा सिलिअ‍ॅक नाहीये. आजचा मुद्दा आहे साखर.

हा कापरेपणा मला अधूनमधून होतो, गहू सुटल्यापासून जास्त जाणवतो, आणि तो नक्की कशाने होतो हे मला अजून कळलेलं नाही. सोफ्यावरच्या मंडळींना मात्र अर्ध्या मिनिटात कळतं.

मागच्या हिवाळ्यात ठाण्याच्या पुढे लेडीज डब्यात मला असंच झालं होतं. सकाळची गर्दी, मी दाराशी उभी, पाय गेल्यासारखे झाले. बायकांनी ओढून खिडकीपाशी बसवलं. आणि मग पर्स उघडायला लागल्या! लोकलच्या लेडीज डब्यात उपाशी मरणं शक्य नाही हे मी लिहून देते. ग्लुकोजची बिस्किटं, खारी, मेथीचे ठेपले, एकीने तर डब्यातली पोळीभाजी काढली. सगळं गव्हाचं. साखर कमी झाली की आपल्याकडे हातात येतं ते ग्लुकोजचं बिस्कीट, आणि नावात कितीही ग्लुकोज असलं तरी आत मैदा आहे. मी थरथरत "नको, मला चालत नाही" म्हणतेय आणि बायकांना वाटतंय ही संकोच करतेय. शेवटी एका मावशींनी गुळाचा खडा काढला, तो मी घेतला, तोडून तोंडात टाकला.

तेवढ्यात पलीकडून एक कॉलेजची मुलगी आली. म्हणाली, "काकू, शुगर बघू का? माझ्याकडे मीटर आहे, टाइप वन डायबेटिस आहे मला. नवीन सुई लावते हं." माझं बोट टोचलं, स्वतःची एक पट्टी माझ्यावर खर्च केली आणि आकडा वाचला: ९२.

९२ म्हणजे उत्तम. ९२ म्हणजे साखर कमी झालीच नव्हती. मग हात का कापत होते?

ही मुलगी माझ्या डोक्यातून जात नाही. घाटकोपरला उतरताना मी तिला सिलिअ‍ॅकचं सांगितलं तर हसली, म्हणाली, "माझी पण ती टेस्ट करतात अधूनमधून." टाइप वन आणि सिलिअ‍ॅक एकाच माणसात असणं बऱ्यापैकी घडतं, म्हणून त्यांची तपासणी करतात. विशीच्या आतल्या त्या मुलीने जे केलं ते आमच्या अख्ख्या गोतावळ्यात आजवर एकाने केलेलं नाही. तिने आधी मोजलं.

डॉक्टरांना मी ९२ चा किस्सा सांगितला. त्यांचा पहिला प्रश्न, "बोट धुतलं होतं का?" चालत्या लोकलमध्ये बोट कुठे धुणार! त्या म्हणाल्या, मग गुळाचा खडा ज्या हाताने तोडला त्याच बोटाचा थेंब असेल तर तो आकडा गुळाचाही असू शकतो. कातडीवर चिकटलेली साखर थेंबात मिसळते आणि मीटर फुगवून दाखवतं. म्हणजे ९२ खरा असेलही, नसेलही. खरं सांगते, त्या केबिनमध्ये मला रडू यायचं बाकी होतं. एवढा एक पुरावा हातात होता, तोही गुळाने चिकट निघाला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला पटलं. ज्याला डायबेटिस नाही त्याची साखर कमी होते असं म्हणायचं तर तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: त्रास होत असताना, त्याच वेळी, नीट मोजलेली साखर कमी असायला हवी, आणि साखर वर आल्यावर त्रास थांबायला हवा. व्हिपल नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३० च्या दशकात सांगितलेली ही त्रिसूत्री डॉक्टर अजून वापरतात. डायबेटिसवाल्यांना ७० च्या खाली गेलं की सावध व्हायला सांगतात, बाकीच्यांत ५५ च्या खाली गेलं तर खरी शंका घेतात. थरथर, घाम, धडधड ही सगळी अ‍ॅड्रिनलिन या हार्मोनची कामं. ते साखर घसरल्यावर सुटतं, तसं घाबरल्यावरही सुटतं. वर सिलिअ‍ॅकवाल्यांना अ‍ॅनिमिया नेहमीचाच, कारण लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आणि हा आजार नेमका तिथेच बसतो. थायरॉइडही बरेचदा सोबतीला. म्हणजे एका थरथरीची किती कारणं! सोफ्यावर बसून कळतात का ती?

मी मीटर घेतलं. आता साबणाने हात धुवून, पुसून मोजते. एकदा ६१ आला. साबुदाण्याची खिचडी खाऊन साधारण तीन तासांनी, ऑफिसात, हात कापत असताना. मला वाटलं सापडलं! तर डॉक्टर म्हणाल्या, घरच्या मीटरला पंधरा इकडे, पंधरा तिकडे माफ असतं. म्हणजे ६१ हा ७६ असू शकतो नाहीतर ४६. तसाच नाश्ता करून मला लॅबमध्ये पाच तास बसवलं, थोड्या थोड्या वेळाने रक्त घेतलं, तेही राखाडी बुचाच्या नळीत. त्या नळीत फ्लोराइड असतं. साध्या नळीत रक्त तसंच पडून राहिलं तर रक्तातल्या पेशीच साखर खातात आणि रिपोर्टात ती खोटी कमी येते. (माझ्या आधीच्या एका लॅबने साध्या नळीतलं रक्त दुपारपर्यंत तसंच ठेवलं होतं. त्यांच्या रिपोर्टावरून घरात केवढं रामायण झालं ते जाऊ दे.) पाच तासांत सगळ्यात खालचा आकडा आला ७१. हिमोग्लोबिन ९.४. थायरॉइड व्यवस्थित. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. कापरेपणा कमी झाला, गेला नाही.

तर असं आहे. आकडा नॉर्मल असूनही खाल्ल्यानंतर काही तासांनी असा त्रास होणारी माणसं असतात, मी कदाचित त्यांच्यातली. किंवा त्या दिवशी लोकलमध्ये आकडा खरंच खाली होता आणि गुळाने तो झाकला. आता कधीच कळणार नाही.

पण एक गोष्ट मला दिसते आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. दोष गहू गेल्याचा नाही. गव्हाच्या जागी जे आलं त्याचा आहे. आठवून बघितलं तर त्रास कधी होतो? साबुदाण्यानंतर. घावनांनंतर. नुसत्या भातानंतर. लोकलच्या दिवशीही सकाळी तांदळाच्या शेवयाच खाल्ल्या होत्या. सगळा पांढरा स्टार्च, झपकन वर आणि झपकन खाली. आणि ते ग्लुटेन फ्रीचे पुडे! उलटून वाचा एकदा. तांदळाचं पीठ, टॅपिओकाचा स्टार्च, साखर, तेल. किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असलं की त्यांना ग्लुटेन फ्री छापता येतं, बाकी आत काय भरलंय याच्याशी त्या शब्दाचं देणंघेणं नाही. दुप्पट-तिप्पट पैसे देऊन आपण मऊ साखर विकत घेतो आणि वर आरोग्याचं लेबल मिरवतो.

आणि बाहेर जेवायचं काय? आज पानात पुरी, गव्हाची कुरडई, आमटीत हिंग, मसालेभातात हिंग. बाजारच्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, हे सांगितलं की लोक मला वेडी समजतात. मग माझ्या पानात काय उरलं? पांढरा भात, तूप, लिंबू, दही. म्हणजे परत तेच! शेंगदाण्याचा लाडू पर्समध्ये होता म्हणून निभावलं. पूजेच्या आधी खाल्ला असता तर बरं झालं असतं, पण देवासमोर आरतीआधी तोंड हलवलं असतं तर त्याचंही भाषण ऐकावं लागलं असतं.

काकू वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात महिनाभर त्यांनीच डिंकाचे लाडू पाठवले होते, आणि आजही शिरा त्यांनी मायेनेच पुढे केला. मान्य. पण लोकलमधल्या मावशींनी पण मायाच केली होती, आणि मी नको म्हटल्यावर दोनदा विचारून त्यांनी पर्समध्ये दुसरं काही आहे का ते शोधलं. नको म्हणजे नको हे परक्या बाईला कळतं आणि घरातल्यांना कळत नाही, याचं काय करू?

"मग भाकरी खा की" हे लिहायला आलेल्यांनो, थांबा. ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळ्यांत ग्लुटेन नाही, मला ठाऊक आहे. भाकरी, मटकीची उसळ, कच्चा कांदा, ताक, एवढं जेवले की मला चार तास काही होत नाही, हेही मी करून बघितलंय. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, आपल्याच देशाने ते मागून घेतलं, वर्षभर पोस्टर लागली. पण माझी ज्वारी दळायची कुठे? कोपऱ्यावरच्या गिरणीत माझ्या आधी पाच किलो गहू पडलेला असतो. दगडात, तोट्यात, खालच्या कापडी पिशवीत, सगळीकडे त्याचं पीठ. माझी ज्वारी त्यातूनच खाली येते. गिरणीवाले काका भले आहेत, "ताई, मूठभर ज्वारी टाकून पुसून घेतो" म्हणतात. मुठीने नाही जात हो ते. मिक्सरवर दळून बघितलं, पीठ जाड येतं, उकड काढली तरी भाकरी फाटते. घरघंटी हा उपाय आहे, मान्य. किंमत बघा आणि आमचं वन बीएचके बघा, मग बोला.

म्हणजे ज्या जेवणाने माझे हात स्थिर राहतात ते जेवण गिरणीपाशी अडलंय, आणि जे सहज मिळतं त्याने हात कापतात. यात शिऱ्याचा चमचा कुठे बसतो ते मला कुणीतरी सांगा. नाहीतर नका सांगू.

त्यापेक्षा कामाचं विचारते. डोंबिवली पूर्वेला किंवा ठाकुर्लीत अशी गिरणी कुणाला माहीत आहे का, जिथे ज्वारी-बाजरीचं जातं वेगळं आहे आणि त्यात गहू कधीच पडत नाही? उपवासाची भाजणी दळतात ते जातं सांगू नका, मी विचारून आलेय, तिथे सणासुदीला गहूही दळतात. दूर असली तरी चालेल, मी महिन्याचं एकदम दळून आणीन. इनबॉक्स नको, खालीच लिहा. माझ्यासारख्या आणखी दोघीतिघी इथे आहेत, त्यांनाही हवंय.