बुडाचं माप

परक्या माणसाने भर दुकानात आपल्या बुडाचं माप घ्यावं, तेही टेपने नव्हे, स्वतःच्या मुठींनी, इतका मोठा गुन्हा मी केला नव्हता. गळ टाकायला एक कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती होडी, हवी होती, बस्स.

विक्रेत्या पोराने सुरुवात तशी रीतसर केली. "सर, वजन?" मी हळूच सांगितलं. त्याने तो आकडा दुकानभर ऐकू जाईल असा पुन्हा उच्चारला. खात्री करून घेत होता म्हणे. तेवढ्यात मागे वल्ही चाळत उभे असलेले एक टोपीवाले काका वळले. काही विकत घ्यायला न येता दुकानाचा कारभार पाहणारी माणसं असतात ना, त्यातले.

"वजनाचं सोडा हो," काका म्हणाले. "उत्तर ध्रुवाकडच्या बर्फातला इन्युइट शिकारी काय काट्यावर उभा राहायचा? स्वतःच्या अंगाच्या मापाने कयाक बांधायचा तो. लांबी म्हणजे दोन्ही हात पसरून होते त्याच्या तिप्पट. रुंदी म्हणजे कंबर अधिक दोन मुठी. उभे राहा बघू सरळ."

"काका, मला सील मारायचे नाहीयेत."

"हात वर करा."

मी हात वर केले. त्या आवाजापुढे कोणीही केले असते. काकांनी माझ्या दोन्ही बाजूंना एकेक मूठ टेकवली, एक डोळा मिटला, आणि तेवढं अंतर हवेत तसंच धरून, काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तसे जपून पावलं टाकत भिंतीकडच्या कयाककडे निघाले. वाटेतल्या एका बाईंनी त्यांना जागा करून दिली. जरा जास्तच करून दिली.

एका निमुळत्या, देखण्या कयाकमध्ये बसायच्या पोकळीशी त्यांनी हात नेले. मुठी आत जाईनात. एकदा उजवीकडून, एकदा तिरके करून पाहिलं. मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. पोराने पाहिलं. बाईंनीही पाहिलं.

"सर, दोघांची दाखवू का?" पोरगा म्हणाला.

काकांची माहिती खोटी असती तर मी निदान भांडलो असतो. पण ते माप खरंच तसंच असायचं. सीलचं कातडं, वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, बायकांनी घट्ट टाक्यांनी शिवलेली होडी, आणि तिच्यात शिकारी बसायचा म्हणण्यापेक्षा तिला नेसायचाच. फक्त मला त्यातलं काहीच नको होतं. गळवाल्याला हवी असते वर बसायची कयाक, प्लास्टिकची, तळाला आरपार भोकं असलेली. वर आलेलं पाणी त्या भोकांतून खाली निघून जातं. होडीला भोकं आहेत हे मोठ्या अभिमानाने दाखवतात असा हा एकच धंदा असावा.

रुंदीही वेगळी लागते. लांब पल्ल्याची कयाक 55-60 सेंटीमीटर, मासेमारीची 80-90. रुंद म्हणजे संथ, पण उभं राहून गळ फेकता येतो. "रुंद ती सुरक्षित," असा काकांनी निकाल दिला. हे अर्धंच खरं. सपाट, रुंद तळ शांत पाण्यात ढिम्म वाटतो खरा, पण एका मर्यादेपलीकडे कलला की विचारायला थांबत नाही, सरळ पालथा. गोलसर तळाची अरुंद कयाक पहिल्यापासून डुलत राहते, पण कललेली असतानाही बराच तग धरते. मी हे सांगायला तोंड उघडलं आणि काकांनी मेव्हणा काढला.

"त्याची पायाने मारायच्या पेडलची आहे. हात मोकळे! रॉड सोडावाच लागत नाही."

"पाणवेलीत अडकत नाही?"

"अडकली ना. अख्खी दुपार. पेडलने फिरणारा पाण्यातला पंखा वर घ्यायला जमेना."

"मग वल्हं मारायचं."

"वल्हं गाडीत होतं," काका म्हणाले, आणि वर, "पण रॉड हातात होता हो!"

हसू आलं, नाही असं नाही. पण मला खरा राग आहे तो कयाकवर छापलेल्या त्या आकड्याचा. कमाल भार 180 किलो. वाचून माणूस खूश होतो आणि त्यातून स्वतःला वजा करतो. त्यातून नांगर, बॅटरी, मासे ठेवायची पेटी, पाण्याची बाटली, लाइफ जॅकेट आणि नशीब असेल तर मासे हेही वजा व्हायचे असतात, ते सांगायला कोणी येत नाही. शिवाय तेवढा भार टाकला तर कयाक तरंगेल, पण त्याच भोकांतून पाणी वर येईल आणि आपण त्यात बसून राहू. जाणकार त्या आकड्याच्या 70 टक्क्यांपर्यंतच जातात, म्हणजे 126 किलो. मग छापा ना 126! कयाकच्या स्वतःच्या वजनाचंही तेच. खुर्ची काढून, पेडल काढून वजन लिहायचं आणि फोटोत एक सडपातळ माणूस ती खांद्यावर घेऊन हसताना दाखवायचा. पेडलच्या कयाक चाळीस किलोच्या वर सहज जातात. गाडीच्या टपावरून ती एकट्याने उतरवताना कसा चेहरा होतो, त्याचा फोटो छापा एकदा.

वजन, रुंदी, भोकं सगळं ऐकून झाल्यावर मला उमगलं की कागदावर यातलं काही कळणार नाही. पाण्यात बसून, जरा कलून, उभं राहून बघायला हवं. तसं मी पोराला विचारलं.

"हो सर, नक्की," तो म्हणाला. "बिल झालं की लगेच."