मावशी, त्या फॉर्मवर सही करायची नाही

'अमेरिका सगळ्या भारतीयांची ग्रीन कार्डं पुन्हा तपासतेय. सिटिझनशिपही जाणार. विमानतळावर वाद न घालता आय-४०७ वर सही करा, मग टुरिस्ट व्हिसा आरामात मिळतो.' हा फॉरवर्ड वाचून ग्रीन कार्ड असलेली माझी नाशिकची मावशी अमेरिकेत लेकाकडे परत जायचं तिकीट रद्द करायला निघाली, म्हणून लिहितोय.

'सगळे भारतीय' कुठून आले? यूएससीआयएसचा, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा, २ डिसेंबर २०२५ चा मेमो कुणीही वाचू शकतं. मंजूर झालेली प्रकरणं पुन्हा उघडायचं त्यात आहे, हे खरं. पण १९ देशांच्या लोकांची, आणि तीही २० जानेवारी २०२१ पासून पुढे अमेरिकेत आलेल्यांची. अफगाणिस्तान, इराण, सोमालिया, हैती वगैरे. पुढे यादी वाढली, तरी भारत त्यात आला नाही.

सिटिझनशिप काढून घ्यायला सरकारला कोर्टात जावं लागतं. असे खटले वाढवायचं त्यांनी ठरवलंय, मान्य. पण विमानतळावरच्या ऑफिसरच्या हातात ते नाही.

आता तो आय-४०७. हा सल्ला देणाऱ्याला काय म्हणावं! 'मी स्वखुशीने ग्रीन कार्ड सोडतोय' असं स्वतःच्या सहीने लिहून द्यायचा तो फॉर्म आहे. चौदा-पंधरा तास प्रवास करून पाय सुजलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या म्हाताऱ्या माणसापुढे तो सरकवला की सही होते. करायची नाही. 'मला इमिग्रेशन जजसमोर जायचंय' एवढंच म्हणायचं. तो हक्क आहे. मग नोटीस देतील, तारीख पडेल, कार्ड सोडलंय हे सरकारला सिद्ध करावं लागेल, आणि जजचा अंतिम आदेश येईपर्यंत तुम्ही कायम रहिवासीच. सही केलीत की हे सगळं आपल्याच हाताने घालवलंत. टुरिस्ट व्हिसाची हमी तर कुणीच देत नाही; मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटात नव्याने रांग, आणि 'मी भारतात परत येणार' हे पटवायचं ओझं तुमच्यावर.

फॉरवर्डमागे अर्धं खरं आहे, तेही सांगतो. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलात तर चौकशी होऊ शकते, आणि री-एन्ट्री परमिट (जास्त काळ बाहेर राहून परत यायची आधी घेतलेली परवानगी) नसताना वर्ष उलटलं तर प्रकरण खरोखर अवघड होतं. 'वर्षातून एकदा तोंड दाखवून यायचं' हा आपल्या आजी-आजोबांचा हिशेब तिथे चालत नाही. घर तिकडे आहे का, टॅक्स भरता का, हे बघतात. मावशी नोव्हेंबरात आलीय, मार्चमध्ये जातेय. तिला कसली भीती?

आणि त्या फॉरवर्डखाली 'री-व्हेरिफिकेशन करून देऊ' म्हणणाऱ्या एजंटचा नंबर. ही तपासणी यूएससीआयएस स्वतः करतं, एजंटकडे पैसे भरून ती उरकायची सोय त्यात नाही. नंबर ब्लॉक करा.