‘पॉश’ बोटीतून उतरलेला नाही

व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरून येणारा एक मजकूर आहे. इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटीत पैसेवाले साहेब येताना डाव्या बाजूची केबिन घेत आणि परतताना उजव्या बाजूची, कारण ती बाजू उत्तरेकडे, म्हणजे सावलीत. त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची (जाताना डावीकडे, परतताना उजवीकडे) आद्याक्षरं जांभळ्या शाईत उमटवत, आणि त्यातून ‘पॉश’ हा शब्द आला. गोष्ट इतकी गोंडस आहे की खोडून काढायला जिवावर येतं.

आधी ते तिकीट. पी अँड ओच्या बोटी शतकभर ये-जा करत होत्या. प्रवाशांनी डायऱ्या, पत्रं, जेवणाची मेनूकार्डंसुद्धा जपून ठेवली. जांभळ्या शिक्क्याचं तिकीट मात्र एकही पुढे आलेलं नाही. शिक्का आठवतो म्हणणारे भेटतात, दाखवणारा भेटत नाही.

आता सावली. मुंबईत मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. तिथपासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि वाटेतलं एडन बंदर तर मुंबईच्याही दक्षिणेला. म्हणजे जूनमध्ये एडनहून मुंबईकडे निघालेल्या बोटीत भर दुपारचं ऊन डाव्याच केबिनला! वर नैर्ऋत्य मोसमी वारा येणार उजवीकडून. जास्तीचे पैसे मोजून साहेब घामाघूम. अर्थात बरेचसे साहेब पावसाळा सरल्यावर येत आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो. त्यांना डावी बाजू सोयीची होती, हे मी मानतो. पण केबिनची सोय खरी म्हणून शब्दाचं कुळ खरं, हे कुठलं शास्त्र?

सगळ्यात अडचणीच्या आहेत त्या तारखा. ‘झकपक, थाटाचा’ या अर्थी ‘पॉश’ छापील इंग्रजीत १९१४ पासून दिसतो. सप्टेंबर १९१८ मध्ये लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं. त्यात हवाई दलातला तरुण अधिकारी आईला सांगतो की आमचा वेळ अगदी पॉश गेला. ना बोट, ना केबिन. बोटीची कथा छापून आली १९३५ मध्ये, लंडनच्या एका साहित्यविषयक साप्ताहिकाला आलेल्या पत्रात, आणि तिथेही ती अमेरिकी जहाजांवरची संज्ञा म्हणून. मुंबईचा पत्ताच नाही. नातवंडं शाळेत जाऊ लागल्यावर आजोबांचं बारसं करावं, तसा हा प्रकार.

मग शब्द आला कुठून? ऑक्सफर्डचा कोश मूळ अनिश्चित मानतो. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या चोरांच्या बोलीत ‘पॉश’ म्हणजे पैसा, विशेषतः चिल्लर. तो रोमा, म्हणजे जिप्सी लोकांच्या रोमानी भाषेतल्या ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आला असं मानतात, अर्ध्या पेनीवरून. १८९० च्या सुमारास त्याच बोलीत छानछोकीच्या माणसालाही ‘पॉश’ म्हणत. मला हा धागा जास्त पटतो. आणि भारताशी नातं हवंच असेल, तर रोमानी ही हजारेक वर्षांपूर्वी इथून निघालेल्या लोकांची भाषा, मराठीची दूरची बहीण. साहेबाच्या बोटीपेक्षा हे नातं कितीतरी जुनं.

आद्याक्षरांतून खरोखर घडलेला ‘पॉश’ही आहे, तो ऑफिसच्या नोटीस बोर्डावर सापडेल: ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’, म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा.