आगमनकाळ राहून गेला

‘डिसेंबर उजाडला की बेळगावच्या कॅम्पात घराघरांत आनंदाला उधाण येतं,’ असं नाताळावरच्या तुमच्या लेखात म्हटलंय. हे अर्धंच खरं आहे हो. २५ तारखेच्या आधीचे चार रविवार हा आम्हा कॅथलिकांचा आगमनकाळ, नाताळाच्या तयारीचा. फादर जांभळी वस्त्रं घालतात, रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत, वेदीवर फुलंही बेतानंच. जांभळा हा ईस्टरआधीच्या उपवासकाळाचासुद्धा रंग. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी येतो, सण जवळ आला म्हणून. म्हणजे नाताळ येताना मन जड होणं, हुरहुर लागणं, याला उपासनेतच जागा आहे. ते सणाला पारखं होणं नव्हे.

माझी आई यंदा पावसाळ्यात गेली. दुःखाच्या वर्षी आमच्याकडे नेवऱ्या, दोदोल असं नाताळचं गोडधोड करत नाहीत, शेजारपाजारचे त्याचं ताट पाठवतात. त्या ताटाची मला आतापासून धास्ती वाटते, आणि ते आलं नाही तर त्याहून वाईट वाटेल. भावाला कुवेतहून रजा मिळत नाही. तरी मुलांनी येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करायचं ठरवलंय आणि मलाही तो मनापासून हवाय. ३१ डिसेंबरला जाळायचे ओल्ड मॅन, म्हणजे सरत्या वर्षाचे पुतळे, रस्त्याकडेला दिसू लागले की पोरं नाचतात, माझ्या पोटात मात्र कालवतं. आई ज्या वर्षात होती ते वर्षच संपणार.

रोषणाईचं वर्णन छान जमलंय. पुढच्या वेळी चांदणी न लावलेल्या घरातही जरूर जा, लोक बोलतील तुमच्याशी.