मुठीएवढ्या बॉल जॉइंटसाठी अख्खा आर्म का घ्यायचा?

माझ्या गॅरेजमधल्या टेबलावर या क्षणी दोन वस्तू पडलेल्या आहेत. एक आहे जेमतेम मुठीत मावेल असा, गंजाने तांबडा पडलेला बॉल जॉइंट. दुसरा आहे सुमारे पाच किलो वजनाचा अ‍ॅल्युमिनियमचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, ज्याला कुठेही तडा नाही, पोचा नाही, वाक नाही, आणि तरीही तो त्या जॉइंटबरोबर भंगारात टाकावा असे मला सांगण्यात आले आहे. या दोन वस्तूंपायी माझे तीन महिने गेले, आठशे डॉलरच्या वर रक्कम गेली, आणि इतके होऊनही गाडी अजून पूर्ण दुरुस्त झालेली नाही. मला याचा मनापासून संताप आला आहे आणि तो लपवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

मी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात राहतो. ही इलेक्ट्रिक पिकअप मी 2022 साली घेतली. फेब्रुवारीच्या थंडीत पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज येऊ लागला, जुन्या वाड्याचा दरवाजा सावकाश उघडावा तसा, लांबलचक करकर. इंजिनाची घरघर नसल्यामुळे इलेक्ट्रिक गाडीत असा आवाज लपत नाही; प्रत्येक खड्ड्यावर, स्टिअरिंगच्या प्रत्येक वळणावर तो थेट कानात शिरतो. वाकून टॉर्च मारल्यावर कारण लगेच दिसले. बॉल जॉइंटचे रबरी आवरण, ज्याला बूट म्हणतात, खालच्या बाजूने फाटले होते, आतले ग्रीस बाहेर येऊन वाळले होते, आणि त्या ग्रीसमध्ये गंजाची विटकरी भुकटी मिसळलेली होती. चाक उचलून टायरखाली छोटी पहार घातली आणि वर रेटली, तर जॉइंटमधली ढिलाई नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकावलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाक ज्या धातूच्या आधारावर बसलेले असते तो आधार, ज्याला इंग्रजीत 'नकल' म्हणतात, आणि गाडीला जोडलेला आर्म यांच्यामधला सांधा म्हणजे बॉल जॉइंट. माणसाच्या खुब्यात असते तशीच त्याची रचना असते: खोबणीत फिरणारा एक पोलादी गोळा, त्याच्याभोवती ग्रीस, आणि ते ग्रीस आत व पाणी बाहेर राहावे म्हणून रबराचे बूट. बूट फाटले की आमच्याकडे हिवाळाभर रस्त्यावर टाकतात ते मीठ पाण्याबरोबर आत जाते, गुळगुळीत गोळ्याला खड्डे पडतात, आणि खोबणी झिजत जाते. ही झीज हाताबाहेर गेली आणि गोळा खोबणीतून निसटला, तर चाक बाहेरच्या बाजूला मुडपून पडते आणि गाडीचे नाक रस्त्यावर आपटते. शंभर किलोमीटरच्या वेगात असे झाले तर पुढे काय होईल ते वेगळे सांगायला नको. म्हणूनच आमच्या राज्याच्या वार्षिक तपासणीत बॉल जॉइंट पाहिले जातात. इलेक्ट्रिक गाडीला धुराच्या चाचणीतून सूट आहे, सुरक्षिततेच्या तपासणीतून नाही, आणि नसावीही.

मी रीतसर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे गेलो. सर्वांत जवळचे सेंटर बासष्ट मैलांवर, आणि अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनंतरची. तिथल्या अ‍ॅडव्हायझरने गाडी पाहून सांगितले की, ढिलाई मान्य मर्यादेच्या आत आहे. मी विचारले, मर्यादा किती मिलिमीटरची आहे? ते सांगता येणार नाही, म्हणाला. मग मोजली किती भरली? तेही नाही. फाटलेल्या बुटाचे काय, असे विचारल्यावर मात्र त्याची भाषा बदलली: बूट फाटणे म्हणजे बाहेरून झालेली इजा, ती वॉरंटीत बसत नाही, आणि तशीही मूळ वॉरंटीची मैलमर्यादा मी ओलांडलेली आहे. तरीही बदलून हवा असेल तर एका बाजूचे अठराशे चाळीस डॉलर. म्हणजे पैसे न घेता बघायचे असते तेव्हा जॉइंट ठणठणीत असतो आणि पैसे घ्यायची वेळ आली की त्याला इजा झालेली असते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी माझ्या गावातल्या तपासनिसाने, ज्याला या व्यवहारात एका पैचाही फायदा नव्हता, ते चाक हलवून पाहिले आणि गाडी त्याच जॉइंटसाठी नापास केली. काचेवर 'आर' अक्षराचा, म्हणजे नापासाचा, स्टिकर लागला आणि विनाशुल्क फेरतपासणीसाठी साठ दिवसांची मुदत सुरू झाली.

गावातली तीन स्वतंत्र गॅरेजे मी पालथी घातली. तिन्ही ठिकाणी उत्तर एकच: इलेक्ट्रिक आहे, हाय व्होल्टेज आहे, आम्ही हात लावत नाही. या उत्तराचा राग मला त्या मेकॅनिकांवर नाही, तो त्यांच्या मनात ही भीती पेरणाऱ्यांवर आहे. बॉल जॉइंटमधून वीज जात नाही. हाय व्होल्टेजच्या केबली भडक नारिंगी रंगाच्या असतात, त्या कुठून कुठे जातात ते उघड्या डोळ्यांनी दिसते, आणि माझ्या गाडीत हे काम करताना त्यांच्या वाटेला जावे लागत नाही. जपायचे ते एवढेच की, जॅक बॅटरीच्या तळाला न लावता नेमून दिलेल्या जागीच लावायचा. इतकी साधी गोष्ट मोकळेपणाने सांगायच्या ऐवजी अख्ख्या गाडीवर धोक्याची पाटी लावून ठेवली की गिऱ्हाईक आपोआप बासष्ट मैलांवरच्या काउंटरपाशी येऊन उभे राहते.

शेवटी मी स्वतःच करायचे ठरवले. कंपनीच्या संकेतस्थळावर एका दिवसाची वर्गणी भरून सर्व्हिस मॅन्युअल उघडले. तिथे बॉल जॉइंटच्या प्रकरणात लिहिलेले काय, तर बॉल जॉइंट स्वतंत्रपणे बदलू नये, लोअर आर्म संपूर्ण बदलावा. सुट्या भागांच्या यादीत जॉइंटला क्रमांकच नाही, जणू तो भाग अस्तित्वातच नाही. माझ्या जुन्या पेट्रोल पिकअपचा खालचा बॉल जॉइंट मी पंचावन्न डॉलरला आणून एका दुपारी बदलला होता, आणि त्याला ग्रीस निपलही होते, वर्षातून दोनदा ग्रीसगनने ग्रीस भरता येई. या नव्या, महागड्या, तीन टनांच्या घरातल्या गाडीच्या जॉइंटला निपल नाही आणि त्याच्या जागी बसवायला सुटा जॉइंट बाजारात नाही. आर्मची किंमत चारशे ऐंशी डॉलर, वर टपाल, आणि वर पोचायला तीन आठवडे.

काम मी एका शनिवारी केले. चाक काढले, सेन्सरची वायर सोडवून बाजूला बांधली, जॉइंटचा नट सैल केला, आणि नकलही अ‍ॅल्युमिनियमची असल्यामुळे हातोडा न मारता पुलर लावून जॉइंटचा निमुळता दांडा ओढून सोडवला. नवा आर्म बसवताना त्याच्या बुशांचे, म्हणजे आर्म गाडीला जिथे जोडला जातो तिथल्या रबरी नळ्यांचे, बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच टॉर्क पान्याने आवळले, कारण चाक लोंबकळत असताना ते आवळले तर बुशाचे रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. सगळे मिळून साडेचार तास लागले. यात मला एकही अशी पायरी आढळली नाही, जी साधारण हत्यारे असलेल्या आणि घाई न करणाऱ्या माणसाला जमणार नाही.

त्या संध्याकाळी मी काढलेला आर्म टेबलावर घेतला आणि जॉइंटभोवतीची घाण तारेच्या ब्रशने साफ केली. मातीच्या थराखालून एक सर्क्लिप, म्हणजे भाग जागेवर धरून ठेवणारी कडी, वर आली. मी ती बराच वेळ नुसता पाहत राहिलो. चिमट्याने सर्क्लिप काढली, सी-आकाराचा प्रेस लावला, पाना फिरवला, आणि 'टक्' असा एक आवाज होऊन जॉइंट आपल्या जागेवरून निघून माझ्या हातात आला. वीस मिनिटेही लागली नाहीत. म्हणजे तो जॉइंट आर्मसोबत ओतलेला नाही, वितळवून जोडलेला नाही. कारखान्यात कुणीतरी तो वेगळा भाग म्हणून आणतो, आर्ममध्ये दाबून बसवतो आणि वर सर्क्लिप लावतो. ज्या कंपनीला हा जॉइंट वेगळा येतो, तिला तो वेगळा विकता येत नाही, हे मी कसे मान्य करायचे?

त्यांच्या बाजूने एक मुद्दा आहे, आणि तो मला ठाऊक आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या भोकात दाबून बसवलेला जॉइंट काढला की भोक किंचित मोठे होऊ शकते, आणि पुढचा जॉइंट तितका घट्ट बसेलच याची खात्री राहत नाही. मान्य. मग किंचित जाड अंगाचा जॉइंट बाजारात आणा, भोक किती वाढलेले चालेल तो आकडा छापा, आर्म एकदाच पुन्हा वापरता येईल असे लिहा. यंत्रशाळेच्या दृष्टीने ही रोजची बाब आहे. मी कोल्हापूरचा आहे. शिवाजी उद्यमनगरात ज्या लेथवरच्या माणसांना पाहत मी मोठा झालो, त्यांच्यापुढे हा आर्म ठेवला असता तर त्यांनी आधी भोकाचे माप घेतले असते आणि मग बोलायला तोंड उघडले असते. इथे माप कुणी घेतच नाही, सरळ नवा आर्म पुढे सरकवतात.

आणि हे सगळे पर्यावरणाच्या नावाने! खनिजापासून एक किलो अ‍ॅल्युमिनियम तयार करायला सुमारे चौदा युनिट वीज लागते. पाच किलोच्या आर्मसाठी सत्तर युनिट झाली. माझी पिकअप एका युनिटमध्ये साधारण दोन मैल जाते, तेव्हा तेवढ्या विजेत ती एकशे चाळीस मैल, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर धावली असती. धडधाकट आर्म भंगारात टाकायला लावून हा हिशेब बिघडवणारे लोकच मला जाहिरातीत हिरवी झाडे दाखवतात, याची चीड येते.

वजनाचाही विचार या लोकांनी करायला हवा होता. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्षा जेनिफर होमेंडी यांनी इलेक्ट्रिक वाहनांच्या वाढत्या वजनाबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली होती. त्यांचा रोख अपघातात समोरच्याला होणाऱ्या इजेवर होता, पण ते वजन टक्कर होईपर्यंत कुठे हवेत तरंगत नसते, ते अहोरात्र याच सांध्यांवर बसलेले असते. गाडी जड असेल तर तिचे जॉइंट लवकर झिजणार हे गृहीत धरून ते सहज बदलता येतील असे करायला हवे होते. केले नेमके उलटे.

कायद्याबद्दल बोलायचे तर माझे राज्य या बाबतीत देशात सर्वांत पुढे आहे, आणि म्हणूनच मला अधिक लागले. 2012 साली वाहनदुरुस्तीच्या हक्काचा, म्हणजे कंपनीने दुरुस्तीची माहिती आणि हत्यारे मालकाला व स्वतंत्र गॅरेजांनाही द्यावीत असे सांगणारा, देशातला पहिला कायदा इथेच झाला. 2020 च्या नोव्हेंबरात तो गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीपर्यंत वाढवावा का, असा कौल घेतला गेला, आणि सुमारे पंचाहत्तर टक्के मतदारांनी होकार दिला. त्यात माझेही मत होते. त्याच महिन्यात वाहन उत्पादकांची संघटना न्यायालयात गेली. जून 2023 मध्ये तर केंद्राच्या रस्तेसुरक्षा यंत्रणेनेच उत्पादकांना पत्र लिहून हा कायदा पाळू नका असे कळवले, आणि दोन महिन्यांनी ती भूमिका सैल केली. चार माणसांपैकी तिघांनी मागितलेली गोष्ट वर्षानुवर्षे अशी टांगून ठेवली जाते. शिवाय हा कायदा माहिती आणि हत्यारे यांच्याबद्दल बोलतो. बॉल जॉइंट आर्मपासून वेगळा विका, असे तो कुणालाही सांगत नाही. ती फट कंपन्यांनी अचूक हेरली आहे.

फेरतपासणीत गाडी पास झाली, स्टिकर बदलला. मात्र आर्म बदलल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करावे लागते, आणि अलाइनमेंटनंतर स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरला नवा शून्यबिंदू शिकवावा लागतो. गावातल्या अलाइनमेंटवाल्याने चाके उत्तम जुळवून दिली, पण त्याचे यंत्र माझ्या गाडीच्या संगणकात शिरू शकले नाही. लेन सांभाळणारी यंत्रणा बंद, क्रूझ कंट्रोल बंद, आणि समोरच्या पडद्यावर पिवळा इशारा अखंड पेटलेला. पुन्हा सर्व्हिस सेंटर, पुन्हा बासष्ट मैल, पुन्हा पाच आठवड्यांची वाट, आणि ज्या कामाला, त्या अलाइनमेंटवाल्याच्या म्हणण्यानुसार, दहा मिनिटे लागतात त्यासाठी दोनशे दहा डॉलर.

ती अपॉइंटमेंट येत्या गुरुवारी सकाळी आठ वाजता आहे. जुना आर्म, त्यातून काढलेला जॉइंट आणि ती सर्क्लिप मी एका खोक्यात भरून शेजारच्या सीटवर ठेवणार आहे. तिन्ही वस्तू त्या काउंटरवर एकेक करून मांडीन, आणि यातला खराब झालेला भाग कोणता तेवढे बोट ठेवून दाखवा, असे म्हणेन. उत्तर मिळेपर्यंत मी तिथून हलणार नाही.