पुन्हा तेच, बिल्टाँग!

आमचे हे मूळचे डर्बनचे, त्यामुळे लंडनमधला निम्मा दक्षिण आफ्रिकी गोतावळा आमच्याच डोक्यावर. तिकडून कोणी निघालं की लगेच फोन: "थोडंसं बिल्टाँग आणायला सांगा ना." बिल्टाँग म्हणजे तिकडचं मसाला लावून वाळवलेलं मांस. अहो, दक्षिण आफ्रिकेतून सामानात मांस आणायला ब्रिटनमध्ये बंदी आहे! विमानतळावर काढून घेतात. दूध-तुपालाही हाच नियम. माझ्या आईचं साजूक तूप पुण्यातच राहतं, मी कोणाला छळते का?

बरं, इथे मिळत नाही असंही नाही. इथलेच कसाई बनवून विकतात. तेच व्हिनेगर, मीठ, मिरी, भरडलेले धणे. पण नाही, "ती चव नाही." मग घरी करायचं वेड. खोक्यात बल्ब नि पंखा लावून मांसाच्या पट्ट्या टांगायच्या, तेही लंडनच्या दमट नोव्हेंबरात! बुरशी आली की हळहळ, आणि आठवडाभर माझ्या धुतलेल्या कपड्यांना व्हिनेगरचा वास. वर ह्यांचं ठरलेलं, "पंखा कमी पडला गं." आता म्हणे मोठा पंखा मागवलाय.